लहान घोडें आणि मोठा स्वार

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, कीं थोड्याच दिवसांत आपल्या लांज्याच्या महामार्गावर धनगरांचे कळप दिसूं लागतात. पुढें मेंढरें, त्यांच्या दोहों अंगांस कुत्रीं, आणि सर्वांच्या मागून संसार वाहणारीं तट्टें. एकावर भांडीं, बाज आणि मेंढवाड्याची जाळी, दुसऱ्यावर नुकतीं जन्मलेलीं कोंकरें व कोंबड्या, एखाद्यावर दोनतीन वर्षांचें मूल. दोर बहुधा घरच्या बाईच्या हातीं. देशावरचा पाऊस सरला म्हणजे हे लोक घांट उतरून कोंकणांत येतात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरें बसवितात, त्या खताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य अगर पैसे घेतात, आणि पावसाळ्यापूर्वीं पुन्हां वर चढतात. हें दृश्य आपल्या इतकें ओळखीचें आहे कीं तें पाहावयास कोणी थांबत नाहीं.

मागच्या हिवाळ्यांत असा एक तळ शाळेपासून थोड्या अंतरावर पडला होता. मधल्या सुटींत कांहीं मुलें तट्टें पाहावयास गेलीं, आणि परत आलीं तीं भांडतच. एक म्हणाला, "गुरुजी, एवढ्याशा घोड्यावर मोठा माणूस बसला तर काय हंसूं येईल! पाय जमिनीला लागतील." दुसरा मुलगा स्वभावानें जरा गंभीर आहे. तो म्हणाला, "हंसूं कसलें? पाप लागेल." वर्ग दोन पक्षांत वांटला गेला. एकाचा आक्षेप लाजेचा, दुसऱ्याचा दयेचा. दोन्ही आक्षेप फार जुने आहेत आणि दोहोंचें उत्तर एका तासांत देण्यासारखें नव्हतें. म्हणून या अंकाच्या निमित्तानें तें लिहीत आहें. पालकांनींही वाचावें अशी विनंती आहे, कारण महाबळेश्वर-माथेरानच्या सहलींत तट्टावर बसण्याचा प्रसंग मुलांपेक्षां त्यांच्यावरच अधिक येतो.

प्रथम तट्टू कशास म्हणावें तें ठरवूं. इंग्रज लोक घोड्याची उंची हातांनीं मोजतात. पण त्यांचा हात आपल्यासारखा कोपरापासून बोटाच्या टोंकापर्यंतचा नव्हे. तो पंजाच्या रुंदीचा, म्हणजे बरोबर ४ इंचांचा. आपल्या हातानें मोजूं गेल्यास चौदा हातांचें घोडें २१ फूट उंच भरेल आणि दुमजली घराच्या कौलांवर मान ठेवील! म्हणून आपण या लेखापुरता त्याला पंजा म्हणूं. उंची जमिनीपासून, जेथें मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत धरितात. डोकें हिशेबांत घेत नाहींत. आतां १४.२ असा आंकडा लिहिलेला आढळला, तर ती दशांश पद्धति समजूं नये. त्याचा अर्थ १४ पंजे आणि वर २ इंच. १४ गुणिले ४ म्हणजे ५६, अधिक २, एकूण ५८ इंच, अर्थात् सुमारें १४७ सेंटिमीटर. हीच साधारण सीमा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ नालांवांचून १४८ सेंटिमीटरपर्यंतच्या जनावरास तट्टू मानतो. त्याहून उंच तें घोडें.

ही सीमा माणसानें सोयीसाठीं ओढलेली आहे. आइसलंडमधील घोडीं बहुतेक या रेषेच्या खालीं आहेत. पण तेथील लोक त्यांस घोडाच म्हणतात आणि तट्टू म्हटलेलें त्यांना रुचत नाहीं. आपल्याकडे मात्र या शब्दास हिणकस वास लागला आहे. पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा तो भाडोत्री तट्टू. मौज अशी, कीं ज्या तट्टांना आपण हंसतों त्यांच्याच पाठीवरून आलेले किती तरी शब्द आपण रोज मानानें वापरतों. शिलेदार म्हणजे स्वतःचें घोडें घेऊन चाकरीस येणारा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. खोगीरभरती, घोडदौड, लगाम सैल सोडणें, हे सारे शब्दप्रयोग पागेतून घरांत आले. आणि ती पागा बहुतांशीं लहान घोड्यांची होती.

मराठ्यांच्या फौजेंतील घोडीं म्हणजे मुख्यतः भीमथडीचीं. भीमा व नीरा या नद्यांच्या कांठचा कोरडा, खडकाळ मुलूख घोड्यांच्या पैदाशीसाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध होता. पूर्वीं पुणें जिल्ह्यांत भीमथडी नांवाचा तालुकाच असे. देशी डोंगरी तट्टें आणि समुद्रमार्गानें आलेलीं अरबी व इराणी घोडीं यांच्या संकरांतून ही जात घडली असें मानितात. या घोड्यांच्या व्यापाराचीं मोठीं बंदरें म्हणजे चौल, गोवें, आणि आपल्याच जिल्ह्यांतलें दाभोळ. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी विकण्यासाठीं एक घोडा घेऊन चौलास उतरला होता. जुन्नर येथें तेथील अधिकाऱ्यानें तो घोडा हिसकावून घेतला व पुढें परत दिला, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. एका घोड्यासाठीं माणसानें एवढा समुद्र ओलांडावा, यावरून त्या काळीं दख्खनमध्यें घोड्यास काय किंमत असेल याचा अंदाज करावा.

भीमथडीचें घोडें १४ पंजांच्या आंतलें. मोंगलांच्या फौजेंत याहून उंच घोडीं होतीं, चिलखत घातलेले स्वार होते, मागून तोफा आणि तंबूंचे उंट येत. असें असतां मराठ्यांनीं लहान घोडें कां धरून ठेविलें? त्याचें मोठें कारण पोटाचें आहे. उंच घोड्यास दाणा पुष्कळ लागतो. तो न मिळाल्यास चार दिवसांत त्याचें अंग उतरतें. तट्टू कडब्यावर, गवतावर, वेळीं रानांतल्या पाल्यावर दिवस काढतें. ज्या फौजेला दाण्याच्या गाड्या मागें ओढाव्या लागत नाहींत ती फौज वाटेल तिकडे वळूं शकते. दुसरें कारण खुरांचें. खडकांत वाढलेल्या घोड्याचें खूर कठीण असतें व घांटांत पाय नेमका पडतो. १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेड येथें पहिल्या बाजीरावानें निजामास कोंडीत पकडलें. त्याच्या आधींचे कित्येक महिने त्यानें निजामाच्या जड फौजेस नुसतें मागें मागें पळवून दमविलें होतें. १७५८ त मराठी फौजा अटकेपर्यंत पोंचल्या. पुण्याहून अटक हजार मैलांहून अधिक दूर आहे. ही सारी वाट प्रौढ, शस्त्र बांधलेल्या माणसांनीं काटली, आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या खालीं आज ज्यांस आपण तट्टू म्हणूं तींच जनावरें होतीं. पहिल्या मुलाच्या हंसण्याचें उत्तर मला वाटतें येथेंच मिळावें.

दुसऱ्या मुलाचें उत्तर इतकें सोपें नाहीं. या घोड्यांचे हाल झाले नसतील असें कोणीही म्हणणार नाहीं. पण चांगला राज्यकर्ता त्यांची काळजी कशी वाहतो याचा एक पुरावा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतलाच आहे. सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या २५ घोड्यांमागें एक पाण्याचा पखालजी व एक नालबंद. तलवारीबरोबर पाणी आणि नाल यांचाही हिशेब मांडलेला आहे, हें ध्यानांत घ्यावें. याहून बोलकें तें चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांस पाठविलेलें महाराजांचें पत्र. तें १६७४ च्या सुमाराचें आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठीं दाणा-वैरण सांठविली आहे, ती आतांच मनास येईल तशी उधळाल तर ऐन पावसांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांतून ओरबाडूं लागाल, तेंही होतां कामा नये. पुढें इतका बारकावा, कीं रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजींस आग लागेल. राज्याचा धनी उंदराच्या शेपटापर्यंत विचार करितो, कारण त्याला ठाऊक आहे कीं गवत जळालें तर घोडें गेलें, आणि घोडें गेलें तर सर्वच गेलें. कोंकणांतला पावसाळा घोड्यास मानवत नाहीं, हें आपल्याकडे घोडीं कां टिकलीं नाहींत याचेंही कारण आहेच.

घोड्यांची गोष्ट निघाली असतां लांज्याच्या माणसानें कोट गांवाचें नांव न घेतां पुढें जाणें बरें नव्हे. आपल्या तालुक्यांतील हें कोट म्हणजे झांशीच्या नेवाळकर घराण्याचा मूळ गांव. अर्थात् राणी लक्ष्मीबाईंचें सासर मूळचें आपल्याकडलें. बाईंचें बालपण ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास गेलें आणि १८४२ त गंगाधररावांशीं त्यांचा विवाह झाला. विष्णुभट गोडसे वरसईकर हे १८५७ च्या धामधुमींत झांशींत होते. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ त छापला गेला. बाईंच्या अश्वपरीक्षेची जी गोष्ट त्यांनीं सांगितली आहे ती आपल्या विषयास फार उपयोगी आहे. एकदां एक सौदागर दिसण्यांत सारखे असे दोन उमदे घोडे घेऊन आला. बाईंनीं दोहोंवर स्वतः बसून फेरी मारली, आणि एकाची किंमत मोठी सांगितली, दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये. पाहणारे चकित झाले. दुसरा घोडा आंतून छातींत दुखावलेला आहे, असें बाई म्हणाल्या. आणि सौदागरानें तें कबूल केलें. हें ज्ञान त्यांना कोठून आलें? अंगावर बसून घोड्याचा श्वास, त्याचें पाऊल, त्याचें अंग चोरणें जाणल्यावांचून तें येत नाहीं. ज्या स्वाराला खालचें जनावर दुखतें आहे हें कळतें, त्याच्या हातून पाप घडण्याची भीति थोडी. १८५८ च्या जून महिन्यांत ग्वाल्हेरीजवळ बाई पडल्या, त्या वेळीं त्यांच्याखालीं नवा घोडा होता आणि एका नाल्याशीं तो अडला, असें परंपरेनें सांगतात.

१८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या आणि भीमथडीच्या घोड्याचें काम संपलें. इंग्रज सैन्यास उंच घोडीं हवीं होतीं. पुढें आगगाडी आली, मोटार आली. जी जात अटकेपर्यंत गेली तिनें धनगराचीं भांडीं वाहण्याचें काम पत्करलें, आणि खरें पाहतां धनगरांनींच तिला जगविलें. २०२३-२४ च्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन केंद्रानें भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या सात जातींनंतरची ही आठवी. तेव्हां महामार्गावरून जाणाऱ्या त्या तट्टांकडे पुढच्या वेळीं जरा थांबून पाहावें. त्यांच्यांतलें एखादें त्या रक्ताचें असण्याचा संभव आहे.

आतां चढाओढींकडे वळूं. लहान घोड्यावर बसून मोठीं माणसें शर्यत करितात हें पाहावयाचें असेल तर लांब जावयास नको. पुणें जिल्ह्यांत खेड, जुन्नर, आंबेगांव या बाजूस घाटांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. तेथें धांवणाऱ्या बैलांच्या पुढें एक घोडी असते आणि तिच्यावर एक स्वार. बैलांना वेग यावा म्हणून तो घोडी पुढें काढतो. मागून उधळलेले बैल, दोहों बाजूंस आरोळ्या मारणारी माणसें, आणि घोडी थोडी कचरली तर बैल अंगावर! जनावरांच्या हालांमुळें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ त या शर्यतींस बंदी केली. २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर तात्पुरती परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत न्यायालयानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरिला. बैलांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. त्या घोडीविषयीं मात्र कोणी फारसें लिहीत नाहीं.

पोलो हा खेळ आज श्रीमंतांचा समजला जातो. पण जगानें तो मणिपुरांतून घेतला, आणि तेथें तो गरीब शेतकऱ्याचाही खेळ होता. मणिपुरी भाषेंत त्यास सगोल कांगजै म्हणतात. प्रत्येक बाजूस सात खेळाडू, गोलाचे खांब नाहींत; चेंडू मैदानाच्या टोंकापलीकडे गेला कीं झालें. तेथील तट्टें ११ ते १३ पंजांचीं. त्यांच्यावर बसलेले प्रौढ पुरुष भरधांव दौडत चेंडू मारतात. २०१६ पासून इंफाळ येथें स्त्रियांचे सामनेही भरूं लागले आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनीं कछारांत हा खेळ पाहिला, १८५९ त सिल्चर येथें मंडळ काढलें, १८६२ त कलकत्त्यास. आणि तेथून तो विलायतेस गेला. विलायतेंत प्रथम घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती. ती हळूहळू वाढवीत नेली व पहिल्या महायुद्धानंतर काढूनच टाकली. म्हणून आज पोलोचीं घोडीं बहुधा १५ पंजांचीं असतात, परंतु त्यांना अद्याप पोनी, म्हणजे तट्टूच, म्हणतात. नांव राहिलें आणि तट्टू गेलें. इकडे मणिपुरांत मूळ जातीची संख्या २०१२ च्या गणनेंत सुमारें १,१०० वर आली होती. चरण्याचीं पाणथळ कुरणें बुजलीं, हें त्याचें एक कारण.

परदेशांतली एक हकीकत मुलांना निश्चित आवडेल. इंग्लंडांत मॅरियन कोक्स नांवाच्या मुलीपाशीं स्ट्रोलर नांवाचें तट्टू होतें, उंची सुमारें १४ पंजे व १ इंच. ती वयानें मुलांच्या वर्गांतून बाहेर पडली तेव्हां वडिलांनीं तें विकावयाचें मनांत आणिलें. आतां तिला मोठें घोडें हवें, असा व्यवहारी विचार. तिनें ऐकलें नाहीं. त्याच तट्टावर बसून ती मोठ्यांच्या स्पर्धांत उतरूं लागली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्यें अडथळे ओलांडण्याच्या वैयक्तिक स्पर्धेंत, जेथें कित्येक अडथळे त्या तट्टाच्या खांद्याहून उंच होते, तिनें रौप्यपदक मिळविलें. त्या वेळीं तिचें वय २१. सबंध स्पर्धेंत एकही चूक न होतां पुऱ्या झालेल्या फेऱ्या अवघ्या दोन, आणि त्यांतली एक स्ट्रोलरची. तट्टू पुढें १९८६ पर्यंत जगलें. तसेंच अमेरिकेंतील कॅरन ओ'कॉनर या बाईंनीं २००७ त टेडी नांवाच्या तट्टावर पॅन-अमेरिकन सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांत अडथळ्यांखेरीज रानांतली लांब दौडही असते. ही दोन्ही तट्टें मोठ्या घोड्यांच्या बरोबरीनें, कसलीही सवलत न घेतां धांवलीं. सवलत मिळणारही नव्हती, कारण महासंघाच्या तट्टांच्या स्पर्धा १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठींच असतात. प्रौढास तट्टू आवडत असेल, तर त्यानें तें घेऊन मोठ्यांच्या रांगेंत उभें राहावें.

मंगोलियांत २००९ पासून एक हजार किलोमीटरची दौड होते. तेथील घोडीं १२ ते १४ पंजांचीं, अर्धवट रानटी. परंतु नियम पाहा: कपड्यांसह स्वाराचें वजन ८५ किलोपेक्षां अधिक चालत नाहीं, सुमारें ४० किलोमीटरांवर घोडें बदलावें लागतें, आणि प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी तपासतो, ती ठराविक वेळांत उतरली नाहीं तर दंड स्वारास.

येथें आपण त्या गंभीर मुलाच्या प्रश्नापाशीं येऊन पोंचतों. घोड्यानें किती ओझें वाहावें? हा प्रश्न आतां केवळ मायेचा राहिलेला नाहीं, मोजमापाचाही झाला आहे. २००८ त अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं आठ घोड्यांवर प्रयोग केले. प्रत्येक घोड्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या शेंकडा १५, २०, २५ आणि ३० इतकें ओझें घालून त्यास चालविलें, व नाडी, श्वास आणि स्नायूंचा ताठरपणा मोजला. शेंकडा २० पर्यंत फारसा फरक पडला नाहीं. २५ व ३० ला घोड्याचें हृदय जोरानें चालूं लागलें आणि स्नायू दुखावल्याचीं लक्षणें दिसलीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं एकपंचमांशाचा नियम धरितात. यांत खोगीर, कपडे, पिशवी सर्व आलें. हा आंकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आंखूड पाठीचें, जाड नळीच्या हाडाचें तट्टू आपल्या आकाराच्या मानानें अधिक वाहतें, आणि आइसलंडचीं घोडीं याहून अधिक भार नेतात. उलट नवशिका स्वार प्रत्येक पावलाला पाठीवर धपकन् बसतो, तेव्हां त्याचे ६० किलो त्या बिचाऱ्यास ८० सारखे लागत असतील. माझ्या मतें नियम धरावा तो एकपंचमांशाचाच. नवशिक्यानें त्याहूनही खालीं राहावें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी माथेरानास गेलों होतों. तेथें खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहींत. मग पायीं चालावें, नाहीं तर तट्टू करावें. मी एका तट्टापाशीं गेलों तों त्याचा धनी माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहूं लागला. "सर, हें तुम्हांला नाहीं," तो म्हणाला, "तुम्ही थांबा, मोठी घोडी येतेय वरून. हें पोरांचं आहे." मला थोडें लागलें, हें कबूल करितों. माझें वजन त्या वेळीं ८२ किलो. पण त्यानें गिऱ्हाईक हातचें जाऊं दिलें आणि जनावर वांचविलें, म्हणून तो माणूस मला आजही आठवतो. मी मोठ्या घोडीची वाट न पाहतां चालत गेलों. वाटेंत माझ्याहून जड एक गृहस्थ चिमुकल्या तट्टावरून जातांना दिसले. त्यांच्या तट्टाच्या पाठीचा कणा मधोमध वांकला होता. पालकांनीं एवढें करावें, कीं बसण्यापूर्वीं घोडेवाल्यास आपलें वजन खरें सांगावें.

आतां वजन कसें काढावें? घोड्यास कांट्यावर चढविण्याची सोय गांवीं नसते. त्यासाठीं एक सूत्र आहे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या पुढच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणावें, आणि ११,८८० नीं भागावें. जें येईल तें किलोग्रॅमांत अदमासें वजन. आइसलंडच्या एखाद्या दणकट घोड्याचा घेर १६८ व लांबी १४५ धरली, तर वजन सुमारें ३४४ किलो येतें, त्याचा पांचवा हिस्सा ६९. म्हणजे मध्यम बांध्याचा प्रौढ मनुष्य खोगिरासह त्यावर बसूं शकतो.

हें सूत्र फळ्यावर लिहिलें तेव्हां वर्गांत एकच गलका झाला, कीं चला, धनगराचें तट्टू मोजूं. तळ अजून उठला नव्हता. शिवणाच्या शिक्षिकाबाईंकडून मापाची फीत मागून घेतली आणि संध्याकाळीं सातआठ मुलांसह मी तेथें गेलों. म्हातारे धनगर चुलीपाशीं बसले होते. मीं येण्याचें कारण सांगितलें. ते हंसले. "मोजा की मास्तर. पर मागनं जाऊं नगा, लाथ झाडंल." फीत पाहून तट्टानें कान मागें टाकले, तेव्हां त्यांच्या सुनेनें येऊन त्याच्या कपाळावर हात ठेविला, आणि तें उभें राहिलें. घेर १५०, लांबी १३०. मुलांनीं तेथेंच मातींत काडीनें गणित मांडलें: १५० चा वर्ग २२,५००, गुणिले १३० म्हणजे २९,२५,०००, भागिले ११,८८०. उत्तर २४६ किलो. पांचवा हिस्सा ४९.

"मग गुरुजी, तुम्ही नाहींच," असें एकानें लगेच सांगितलें.

मीं म्हाताऱ्यांना विचारलें, तुम्ही स्वतः यावर बसतां काय? ते म्हणाले, "घांट चढताना न्हाई. त्येच्यावर घरदार आसतंय, आन् वर आमी कशाला? पाय हायेत की आमास्नी." किती ओझें घालतां तेंही विचारलें. त्यांनीं किलोंत सांगितलें नाहीं. दोन हातांनीं एक गांठोडें उचलून दाखविलें, व तसलींच दोन, असें म्हणाले. मुलांनीं तें आळीपाळीनें उचलून पाहिलें व आपसांत अंदाज केले; कोणी वीस म्हणे, कोणी पंचवीस. दोन पंचविसा पन्नास, म्हणजे सूत्राहून एक किलो अधिक. यावर पुन्हां वाद लागला.

सुनेनें तें सोडून मुलांकडे पाहिलें व विचारलें, "कोन बसतंय?" हंसण्याचा पक्ष घेणारा मुलगा पुढें झाला, पण त्याचें वजन ५३ भरलें होतें, मुलांनींच त्यास मागें ओढलें. तो गंभीर मुलगा ४१ किलोंचा. खोगिराऐवजीं पाठीवर नुसती घोंगडी होती. त्यानें प्रथम मान हलविली. मग फळ्यावरचा हिशेब मनांत पुन्हां केला असावा, कारण कांहीं वेळानें स्वतःच पुढें आला. तट्टानें त्याला शेताच्या बांधाबांधानें एक फेरी मारून आणिलें. उतरल्यावर त्यानें पहिल्यानें काय केलें असेल, तर तट्टाच्या छातीला कान लावला आणि किती ठोके पडतात तें मोजूं लागला. मीं घड्याळ धरलें.

दुसरे दिवशीं सकाळीं तळ उठला होता. शेतांत लेंड्या आणि चुलीचे तीन दगड उरले होते, आणि मातींतलें गणित मेंढरांच्या पायांखालीं पुसून गेलें होतें.